पाटलाच्या बैलाला केस नव्हते

अन्याय हिरा नावाच्या बैलावर झाला. १९७९ साली, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास, आमच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. त्याच्या मालकावर, म्हणजे आमच्या वस्तीतल्या सुखदेवदादावर, तो त्याच क्षणी झाला. आणि तिसरा अन्याय मामाजींवर झाला. तो सतरा दिवसांनी, सकाळी, चावडीवर, भर लोकांत.

पहिल्या दोन अन्यायांवर मी तेव्हाच पत्रक काढलं होतं. तिसऱ्यावर कोणी काढलं नाही. मीही नाही. उलट त्या सकाळी चावडीवर जे हसले, त्यांत मी होतो. म्हणून हे लिहितो आहे. कोणाला हे पत्रक वाटलं तर वाटो, मला दुसरं काही लिहिता येत नाही.

मामाजी वरठीला, स्टेशनच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ चालवत. ते कोणाचेच मामा नव्हते, पण पंचक्रोशी त्यांना मामाजीच म्हणे. दुकानावर पाटी होती. पांढऱ्या पाटीवर पांढरी अक्षरं. पेंटरनं म्हणे हात जोडले होते, "मामाजी, दिसन नाही." मामाजी म्हणाले, "पाटी दुधी पांढरी आहे, अक्षर चुन्याचं पांढरं आहे. ज्याले दिसन त्यानं आत यावं." रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती पाटी कोरी वाटे. दुकान नवीनच उघडतं आहे असं समजून लोक वीस वर्षं विचारत होते, "कधी सुरू करून राहिले जी?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान पांढऱ्याचं होतं. ते काळा-पांढरा फोटो काढत, पण काळ्यावर त्यांचा जीव नव्हता. "काळं कोनालेही येते," ते म्हणत. "झाकन लावा, काळं झालं. पांढऱ्यात पांढरं दाखवा, मग माना." फोटोतलं धोतर नुसतं कोरं आलं, त्याची चुणी दिसली नाही, सुताचा धागा दिसला नाही, की त्यांना घास जात नसे. "कोरं म्हणजे पांढरं नाही जी. कोरं म्हणजे फोटोवाला झोपला होता."

आता यातली अडचण सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. निगेटिव्हमध्ये पांढरी वस्तू काळीकुट्ट असते. तिच्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून खालच्या कागदावर ती जागा कोरी राहते. मामाजी त्या जागेला उजेड पाजत बसायचे. दुसरा फोटोवाला दहा सेकंद दिवा लावून मोकळा होई, मामाजी चार-चार मिनिटं. मग धोतराचा धागा न् धागा वर येई. पण तेवढ्या वेळात बाकीचा फोटो जळून जाई. धोतर साक्षात समोर वाळत घातल्यासारखं, आणि धोतरातला माणूस तव्याच्या बुडासारखा.

भंडारा जिल्ह्यात अशी कितीतरी लग्नं आहेत ज्यांत नवरदेव कोण होता हे फोटोवरून सांगता येत नाही. त्याच्या टोपीची शिवण मात्र मोजता येते.

एकदा मोहाडीकडचा एक नवरदेव फोटो घेऊन तणतणत आला. मी तिथे बसलो होतो.

"मामाजी, हा मी आहो का?"

"तूच होय."

"तोंड कोठी आहे?"

"तोंड तुह्या घरच्याईनं पाह्यलं ना बाप्पा रोज. हा शेला पाह्यला का कोनी? हे पाय, काठाजवळ एक धागा तुटून आहे. तुले मालूम होता?"

नवरदेवाला नव्हता मालूम. तो शेला त्यानं उसना आणलेला होता, आणि धागा आधीचा की नंतरचा यावरून घरी वाद चालू होता. त्यानं फोटो मुकाट्यानं घेतला. शेलेवाल्याला दाखवायला तो कामी आला म्हणतात.

एका उमेदवाराचा फोटो त्यांनी काढला तेव्हा त्याच्या खादीच्या सदऱ्यावर वरणाचा वाळलेला डाग उमटला. धुऊनही न गेलेला, डोळ्यांना न दिसणारा डाग. मामाजींनी तो फोटो दर्शनी काचेत लावला. डागासाठी नव्हे, डागाभोवतीच्या खादीसाठी. उमेदवार पडला. मी त्याचा विरोधक होतो, मला मामाजी क्रांतिकारक वाटले. मी त्यांना आमच्या युवक मंडळाचं सभासद व्हायला सांगितलं आणि आमचं पत्रक वाचायला दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "समास चांगला सोडला." त्या दिवसापासून ते मला पुढारी म्हणू लागले. "या पुढारी, बसा पुढारी, हात लावू नोका पुढारी."

घरी त्यांचं आणि मामीजींचं एकच भांडण होतं, तीस वर्षं जुनं. नीळ. मामीजी कपड्यांना नीळ लावत आणि मामाजी ती लपवून ठेवत. "नीळ लावली का पांढरं मरते." मामीजी म्हणत, "मरू द्या. मी त निदान धुतलेली दिसते." मामीजी बोलायला फटकळ आणि नजरेला पक्क्या. दिवाळीआधी घराच्या भिंती पांढऱ्या मातीनं त्या स्वतः पोतारत. फडकं मातीत बुडवून भिंतीवर हाताच्या अर्धगोलात फिरवायचं, त्याला आमच्याकडे पोतारा म्हणतात. मामाजी खाटेवर बसून तो पोतारा वाळताना पाहत. दोन-दोन तास. मामीजी म्हणत, "याह्यच्यासाठी भिंत हाच सिनेमा."

आणि गाड्या. दुकान रुळांना इतकं लागून की मालगाडी गेली की एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं ते उभं यंत्र, थरथरे. दुसऱ्याच्या दहा सेकंदांत गाडी क्वचित येई, मामाजींच्या चार मिनिटांत हमखास. म्हणून अंधाऱ्या खोलीच्या दाराला आतून रेल्वेचं वेळापत्रक चिकटवलं होतं आणि मालगाड्यांना वेळापत्रक नसतं याबद्दल मामाजींच्या मनात कायमचा राग होता. चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा संप झाला तेव्हा त्यांनी आयुष्यातले सर्वांत सुंदर प्रिंट काढले. मी त्यांना विचारलं होतं, संपाबद्दल तुमची भूमिका काय? ते म्हणाले, "लय शांत होतं."

तर असे मामाजी. आता हिरा.

आमच्या गावच्या पटात पहिल्यांदाच आमच्या वस्तीतली जोडी उतरली होती. सुखदेवदादा रोजगाराला जाणारा माणूस, पण बैलांचा शौक असा की आधी बैल जेवत, मग तो. हिरा आणि मोती, दोन्ही पांढरेशुभ्र. समोर पाटलाची जोडी, तीही पांढरी, पाच वर्षं न हरलेली. पाटील म्हणजे छातीएवढ्या मिशांचा माणूस. त्याला वस्तीतली जोडी आपल्या जोडीशेजारी उभी राहिली हेच खपलं नाही. माणसांसमोर तो म्हणाला, "काय बे सुखदेव, शर्त लावतो का? हरला त तुहा हिरा माह्या कोठ्यात. मी हरलो त हे दोन उभे आहेत त्यातला कोनताही घेऊन जाय."

सुखदेवदादा नाही म्हणू शकला असता. पण पाटलाच्या तोंडून वस्तीतल्या कोणी आजवर शर्त ऐकली नव्हती, हुकूमच ऐकला होता. तो हो म्हणाला.

दोन्ही जोड्या सुटल्या. धूळ, आरोळ्या. पाटलाची जोडी हातभर पुढे निघाली. पाटलाच्या डाव्या बैलाच्या अंगावरून पांढरे ओघळ येत होते. लोक म्हणाले, "कसा फेसाळला पाय!" सव्वाचारला हिराचा कासरा पाटलाच्या गड्यानं धरला. हिरा जागचा हलेना. तो मागे वळून सुखदेवदादाकडे पाहत होता आणि सुखदेवदादा त्याच्याकडे पाहत नव्हता. मी हे पाहिलं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि जगातल्या सगळ्या अन्यायांवर माझ्याकडे घोषणा होती. त्या दिवशी सुचली नाही.

जिंकल्यावर पाटलानं मामाजींना बोलावून फोटो काढवला. मध्ये पाटील, दोन बाजूंना जोडी. "बैठकीत लावाचा आहे," तो म्हणाला. "मोठा करजा."

आठ दिवसांनी पत्रकासाठी हिराचा फोटो मागायला मी वरठीला गेलो, तर स्टुडिओची अवस्था वाईट होती. दोरीवर कपड्यांसारखे पाटील वाळत होते. वीस-पंचवीस पाटील, सगळे काळेठिक्कर, सगळ्यांच्या दोन बाजूंना बैल. मामाजींनी दाढी केली नव्हती.

"पुढारी," ते म्हणाले, "माहा हात गेला."

"काय झालं?"

"उजव्या बैलाचे केस येऊन राह्यले. एक-एक केस येऊन राह्यला. पाय, खांद्यावर भोवरा दिसते. डाव्या बैलाचे येऊन नाही राह्यले. चार मिनिटं देल्ला, सहा देल्ला, नऊ देल्ला. पाटील कोळसा झाला, बैलाचे केस नाही आले. तीस वर्षांत असं पांढरं मले फसवून नाही गेलं."

मी पाहिलं. उजवा बैल खरा बैल वाटत होता, हात फिरवावासा. डावा नुसता पांढरा, त्यावर कसलेसे अस्पष्ट अर्धगोल. मी म्हणालो, "मामाजी, हा शोषक माणूस आहे, त्याच्या बैलाच्या केसांचं तुम्हाला काय पडलंय? मला हिराचा फोटो द्या."

"तुले नाही समजत," ते म्हणाले आणि पुन्हा आत जाऊन लाल दिवा लावून बसले.

मामीजी चहा घेऊन आल्या. दोरीवरच्या एका पाटलापुढे थांबल्या. कप हातातच.

"हे कोनाची भिंत होय?"

"भिंत नाही वो," आतून आवाज आला. "बैल आहे."

"बैल?" मामीजी जवळ गेल्या. "मग बैलाले पोतारलं काहून?"

मग मामाजी दार उघडून बाहेर आले. दार उघडताना आतला कागद वाया गेला, ही त्यांनी आयुष्यात एकदाच केलेली गोष्ट. मामीजींनी बोट ठेवून दाखवलं. "हा फडक्याचा हात. इथं फडकं पुन्हा बुडवलं, इथून नवा हात सुरू झाला. घाईत केलं. माती पातळ झाली, दुसरा हात देल्लाच नाही. कामचोर."

मला एका क्षणात सगळं दिसलं. पाटलाच्या जोडीतला एक बैल पटाच्या आदल्या आठवड्यात लंगडत होता, हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या जागी पाटलानं कुठून तरी तांबडा, पळणारा बैल आणून पांढऱ्या मातीनं रंगवला होता. शर्त लागली होती ती पांढऱ्या जोडीवर. फेस म्हणून जे ओघळ आले ती माती होती! मी ओरडलो, "मामाजी, हा पुरावा आहे! फसवणूक! हिरा परत येणार!"

मामाजी खाली बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "माही चूक नव्हती."

पटाचे मुख्य पंच आमचे निवृत्त हेडमास्तर होते. जाड भिंगांचा, सरळ माणूस. मी अर्ज दिला. सतराव्या दिवशी चावडीवर पंच बसले, गाव जमलं. सुखदेवदादा कोपऱ्यात उभा, हिराचा जुना, रिकामा कासरा हातात. सवयीनं घेऊन आला होता. मामाजींनी पेटीतून नऊ मिनिटांचा प्रिंट काढला आणि हेडमास्तरांपुढे दोन्ही हातांनी ठेवला.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "मधातला हा कोण आहे?"

"पाटील होय जी."

"कशावरून?"

फोटोत मध्ये एक काळा ठोकळा उभा होता. डोक्याच्या जागी काळं, मिशांच्या जागी अधिक काळं. पाटील पुढे झाला, वाकून पाहिलं आणि हसला. "सरजी, हा मी नाही. हा त रावन होय." चावडी हसली. "मामाजीनं कोन्याही गावचा, कोन्याही मानसाचा फोटो आनला, काळं फासलं आन् माह्या नावावर खपवून राह्यला. मानसाचं तोंड काढता येत नाही, बैलाचं काय काढते?"

पुन्हा हसले सगळे. मी मघाशी म्हटलं तेच पुन्हा म्हणतो, मीही हसलो. रावण खरंच दिसत होता. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनी निकाल दिला की फोटोतली व्यक्ती ओळखू येत नाही, म्हणून बैलही ओळखू येत नाही, म्हणून तक्रार फेटाळली. मामाजींना समज दिली की खोटे फोटो आणू नये. तीस वर्षं ज्यानं एक धागासुद्धा खोटा दाखवला नाही त्याला. सुखदेवदादा कासरा गुंडाळत बाहेर गेला.

वरठीपर्यंत मामाजी माझ्यापुढे सायकल हाणत राहिले. दुकानाशी आल्यावर म्हणाले, "पुढारी, तोंडही पायजे त्यायले. बरं. देतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ते पुठ्ठ्यातून पाटलाचं डोकं कापत होते. मिशांसकट, बोराएवढं. ते त्यांनी तारेच्या टोकाला अडकवलं. युक्ती अशी: आधी सगळ्या कागदाला थोडा उजेड द्यायचा, चेहरा नीट येईल एवढाच. मग ते पुठ्ठ्याचं डोकं पाटलाच्या डोक्यावर बरोबर धरायचं, म्हणजे तिथे पुढचा उजेड पडणार नाही, आणि बैलांना खुशाल नऊ मिनिटं पाजायचं. तार सतत किंचित हलती ठेवायची, नाहीतर चेहऱ्याभोवती कड उमटते. नऊ मिनिटं हात उचलून, किंचित हलवत, साठीच्या माणसानं.

हे त्यांना तीस वर्षं येत होतं. मी विचारलं, मग आजवर नवरदेवांची तोंडं का जाळली? ते म्हणाले, "कोनी म्हटलंच नाही का धोतरही पायजे आन् तोंडही. सारे तोंडासाठीच भांडाले येत. मग मी धोतराच्या बाजूनं भांडलो. त्याच्या बाजूनं कोन होतं?"

मी पुष्कळ सभांना गेलो आहे. इतकं स्वच्छ भाषण ऐकलेलं नाही.

पण मालगाड्या. पाचव्या मिनिटाला आली, प्रिंट हलला. सातव्याला आली. एकदा साडेआठव्याला आली आणि मामाजी अंधारात तिला उद्देशून जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोन दिवसांत सोळा कागद गेले. एका पाटलाला चार कान आले. दुकानात कागद उरले तीन.

तेव्हा मी निर्णय घेतला. आमच्या युवक मंडळात कामाचे चार सभासद होते, अध्यक्ष धरून. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या सिग्नलला मालगाडी उभी असलेली पाहून आम्ही चौघं तिच्यापुढे रुळावर जाऊन बसलो. रेल रोको. मागणी ठरवायची राहून गेली होती. अध्यक्ष म्हणाला, "पिण्याचं पाणी म्हणू." आम्ही पिण्याचं पाणी म्हणालो. ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याकडे पाहिलं, विचारलं, "कितना टाइम?"

"बारा मिनिटं," मी म्हणालो.

त्यालाही कोणी इतकं नेमकं उत्तर याआधी दिलं नसावं. "तंबाकू है?" तो म्हणाला. होता. तो आमच्यातच बसला आणि दुकानाकडे बोट करून म्हणाला, "वो बोर्ड कब से खाली है?"

तेराव्या मिनिटाला मामीजी दुकानाच्या मागच्या दारात आल्या आणि त्यांनी पदर हलवला. आम्ही उठलो. आमच्या मंडळाचं हे सर्वांत यशस्वी आंदोलन. पिण्याचं पाणी आलं नाही.

प्रिंट मी पाहिला तेव्हा तो ओला होता. उजव्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवर एक-एक घडी, एक-एक केस. डाव्यावर पोतारा, जसा मामीजींनी सांगितला तसा, फडकं कुठे बुडवलं तेही. आणि मध्ये पाटील. गोरा, रुबाबदार, मिशीच्या टोकाशी तेल चमकतं आहे. पाटील आयुष्यात कधी इतका चांगला दिसला नव्हता. मला राग आला. "एवढा चांगला कशाला काढला?"

"आता तोंडच पायजे म्हनते गाव. मग तोंड म्हनजे तोंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडमास्तरांना बोलावून आणलं, पुन्हा गाव जमवलं. मामाजींना म्हटलं, असं बोला, तसं बोला. ते म्हणाले, "मी काही बोलत नसतो. माही ऑर्डर आहे, मी ऑर्डर पोचवून राह्यलो." आणि खरोखर, फ्रेममध्ये घातलेला, फडक्यात गुंडाळलेला फोटो त्यांनी चावडीवर बसलेल्या पाटलाच्या हातात दिला. "तुमचा फोटो, पाटील. बैठकीसाठी."

पाटलानं फडकं सोडलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं जे मी पाटलाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यानं फोटो उचलून गावाकडे फिरवला.

"हे पाहा! याले म्हनते फोटो! हा मी! मीच होय ना सरजी?"

"तुम्हीच," हेडमास्तर म्हणाले.

"पटाच्या दिवशीचा! तोच फेटा!"

"आणि बैल?"

"बैलही माहेच! दोन्ही..." इथे पाटील थांबला. उशीर झाला होता. चावडीच्या ओट्यामागे बायका उभ्या होत्या आणि पाटलानं फोटो नेमका त्यांच्याकडे तोंड करून धरला होता. हेडमास्तरांच्या भिंगांना काही दिसलं नसतं. पण या बायकांनी जन्मभर दरसाल भिंती पोतारल्या होत्या.

"अगं माय, हा त पोतारा होय!" एक म्हणाली.

"पातळ आहे," दुसरी.

"एकच हात देल्ला," तिसरी. "पाटलाच्या घरी मातीची एवढी तूट आहे का?"

मग कोणाचं कोणाला ऐकू येईना. पाटील फोटो पाठीमागे लपवू लागला, पण स्वतःच्या चेहऱ्याला ओरखडा लागू नये म्हणून जपून लपवू लागला. हेडमास्तरांनी उभं राहून निकाल फिरवला. हिराला सोडायला गडी पळाला. शर्तीप्रमाणे पाटलाच्या जोडीतला एक बैलही सुखदेवदादाचा होता. हेडमास्तरांनी विचारलं, "कोणता घेतोस?" सुखदेवदादा त्या सकाळी पहिल्यांदा बोलला. "मले माहाच द्या जी. पोताराले माह्या घरी भिंत आहे."

हिरा आला. सुखदेवदादानं कासरा त्याच्या गळ्यात घातला आणि त्याच्या कपाळावर कपाळ टेकून उभा राहिला. आमचं मंडळ घोषणा देत होतं. घोषणा मीच सांगत होतो.

आणि मामाजी? मामाजी पाटलाच्या मागेमागे फिरत होते. "पाटील, उजवा बैल पाहा ना जी. सरजी, उजवा पाहा. पोळीवरचे केस पाहा." कोणी पाहिला नाही. सगळे डाव्याकडे बोट दाखवत होते. मीही. त्या फोटोत मामाजींना जे साधलं होतं ते उजव्या बाजूला होतं, आणि तिकडे दोनशे माणसांपैकी एकानंही मान वळवली नाही. खोटे फोटो आणू नये अशी जी समज त्यांना दिली होती ती मागे घ्यायचं हेडमास्तरांना सुचलं नाही, मला आठवण करून द्यायचं सुचलं नाही. आम्ही जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसांना घाई असते.

पाटलानं तो फोटो बैठकीत लावला. होय, लावला. दोन्ही बाजूंचे बैल कापून टाकून. मध्ये नुसता पाटील, गोरा, तेलकट मिशीचा, आजही आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, वरठीच्या त्या माणसानं जन्मात एक चांगला फोटो काढला.

मामाजी मागच्या उन्हाळ्यात गेले. मामीजींनी त्यांच्या धोतराला नीळ लावली नाही. दुकान बंद आहे. कोरी पाटी अजून आहे आणि लोक अजून विचारतात, कधी सुरू करून राहिले.

त्यानंतर मी घरची लोखंडी पेटी उघडली. तिच्या तळाशी माझ्या मायचा एकमेव फोटो होता. ती जायच्या आधी, मी लहान असताना, मामाजींनीच काढलेला, तोंड काळं आलं म्हणून बापानं पेटीत टाकलेला. मी दारात उजेडात धरला. तोंड दिसत नाही. पण मायचं रुंद काठाचं पांढरं लुगडं दिसतं, आणि खांद्याजवळ तिनं लावलेलं ठिगळ. पांढऱ्यावर पांढरं. बारीक, सारख्या अंतराचे टाके, आणि शेवटचे तीन घाईत घातलेले, फोटोला उशीर होत होता म्हणून. तिचा हात मला आठवत नव्हता. आता आठवतो.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. वरठी, मोहाडी, आंधळगाव, तुमसर, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल तिथे तुमच्या घरातही तो फोटो आहे, नाही म्हणू नका. पेटीत, कपाटामागे, धान्याच्या कोठीवर. तोंड काळं आलं म्हणून लाजेनं लपवलेला. तो काढा. पुसा. खिडकीशी उजेडात न्या आणि तोंड शोधत बसू नका, पांढऱ्याकडे पाहा. मग भिंतीवर लावा. कापायचा नाही. आणि उद्या नाही, हे वाचून झालं की लगेच.